चौदाव्या मजल्यावरून पिंपळ

भोईवाडा, परळ
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

अज्या,

जय भीम. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते टीव्हीवर ठेवून देशील, मग प्रिसिला चिडेल आणि तुझ्या हातात कोंबेल, असं धरून लिहितेय. भोईवाड्याहून वडाळ्याला पत्र टाकणारी बाई सबंध मुंबईत मी एकटीच असणार. चालत निघाले तरी तासाभरात तुझ्या दारात उभी राहीन. पण तू ऑगस्टपासून माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस, आणि आपल्या बहीण-भावाच्या भांडणात तुझ्या बायकोला उभं करायचं नाही असं मी ठरवलंय. उरला पोस्टमन. त्याला काही ब्लॉक करता येत नाही.

घाबरू नकोस, भांडायला लिहीत नाहीये. कामाचं पत्र आहे. आमच्या आरोग्य केंद्रात एका डॉक्टर मॅडमचं सर्वेक्षण आलंय. परळ, दादर, वडाळा. दारोदार जायचं आणि आठ प्रश्न विचारायचे. झोप लागते का, भूक लागते का, मन कशात रमतं का, घराबाहेर पडावंसं वाटतं का, असे. बाकीच्या सेविका कंटाळल्यात. मला मात्र भलताच रस आलाय. लोकांना ताप-खोकला विचारला तर दारातूनच वाटेला लावतात, पण झोपेचं विचारलं की आत बोलावून चहा देतात. एक बाई तर म्हणाली, इतकी वर्षं संसार झाला, हे मला कुणी विचारलंच नाही.

तर मी एक आगाऊपणा केलाय. नववा प्रश्न माझा मीच घातलाय. खिडकीतून काय दिसतं? तो फॉर्मवर नाही, माझ्या वहीत लिहिते. झालं असं की पहिल्या दिवशी आमच्याच इमारतीत सुरुवात केली. तू आलास तेव्हा धड बघितलं नसशील. ए आणि बी विंग इतक्या जवळ आहेत की हात लांब केला तर समोरच्यांचा गॅस बंद करता येईल. निम्म्या घरांत दुपारी बाराला दिवा लावलेला. आणि त्या घरांतले फॉर्म बघ: झोप नाही, झोप नाही, गोळी घेऊन झोप, झोप नाही. मला वाटलं, हे लिफ्टमुळे की पाण्यामुळे की या अंधारामुळे? तेव्हापासून डोक्यात भुंगा शिरलाय.

वडाळा माझ्याकडे नाही, दुसऱ्या सेविकेकडे आहे. पण तुम्ही जुन्या क्वार्टर्समध्ये, तळमजल्यावर, समोर मोकळी जागा. मला तुलना करायला एक माणूस हवाय. सोबत कोरा फॉर्म आहे. भर आणि पाठव. नववं उत्तर मागच्या बाजूला लिही.

आई बरी आहे. जेवते, टीव्ही बघते. तुझा रविवारी तिच्या मोबाइलवर फोन येतो तेव्हा बोलतेच की तुझ्याशी.

दीपाताई


शनिवार, १ मार्च

अज्या,

फॉर्म मिळाला. पाकीट तीनदा झटकून पाहिलं, दुसरा कागद काही पडला नाही. ठीक आहे. अक्षर अजून तसंच गिचमिड आहे, एवढं तरी कळलं.

"झोप: पडलो की लागते. खिडकी: गुलमोहोर. त्याच्याखाली मांडवकर, लुंगीवर." हे वाचून मी केंद्रात एकटीच हसले. मांडवकर कोण ते कळलं नाही, पण खिडकीतून माणूस दिसतो असं लिहिणारा तू पहिलाच.

आता दादरचं ऐक. चर्चच्या मागे एक जुनी वस्ती आहे, कौलारू घरं, वाड्यात बायका कोळंबीचे सोडे वाळत घालतात. तिथे विल्मा डिसोजा म्हणून बाई आहेत. वय चौऱ्याहत्तर. नवरा सिल्वेस्टर दोन वर्षांपूर्वी गेला, मुलगा जोएल कॅनडात, दोन्ही गुडघे गेलेले, एका डोळ्याला दिसत नाही. मी मनात म्हटलं, इथे नक्की "झोप नाही" लिहावं लागणार. बाई म्हणाल्या, "नऊ वाजले की मी आडवी, मग चर्चची घंटाच उठवते." भूक? मस्त. मन रमतं का? कशात नाही ते विचार. दारात आंब्याचं झाड आहे, त्याखाली सिमेंटचा ओटा, त्यावर बाई दिवसभर बसून असतात.

मी त्यांना सरळच विचारलं, तुमचं गुपित काय? त्यांनी झाडाकडे बोट केलं. मग त्याच्या पानांना शिव्या दिल्या, रोज झाडावी लागतात म्हणून.

तिथून निघाले ती वहीत सगळी उत्तरं जुळवत. पाच उद्यानाच्या बाजूची घरं, जिथे गॅलरीत फांद्या घुसतात, तिथे लोक बऱ्यापैकी झोपतात. आमच्या शेजारच्या टॉवरमध्ये मला आत सोडलं नाही, पण त्यांची बाग मी चौदाव्या मजल्यावरून रोज बघते. पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, हिरवळ, चालायची वाट, आजोबा लोक पांढऱ्या बुटांत फिरतात. जमीन एकच, आपल्या चाळीची. बाग त्यांच्या वाट्याला आली आणि आमच्या वाट्याला समोरच्याचा गॅस. माझा सिद्धांत असा की झाड असलं की झोप येते. हसू नकोस. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, बघत राहा, घाई करू नका.

एक गोष्ट मात्र सिद्धांतात बसत नाही. आपल्या घरातून झाड दिसतं. नुसतं झाड नाही, आपला पिंपळ. छप्पन्न सालानंतर आजोबांच्या पिढीने चाळीच्या मधल्या चौकात लावलेला तो. वरून बघितला तर झाड ओळखू येत नाही, नुसता हिरवा ढीग दिसतो. चारी बाजूंनी कठडा, कठड्याला गेट, गेटला कुलूप. म्हणजे हिरवं तर आहे. तरी मी रात्री पाणी प्यायला उठते तेव्हा आई टक्क जागी असते. पाण्याला तर मी रोजच उठते.

मागच्या पत्रात आई बरी आहे लिहिलं होतं. तशी बरीच आहे.

दीपाताई


सोमवार, १७ मार्च

अज्या,

एक कबुली. आईचा फॉर्म मी तिला न विचारता भरला होता. झोप चांगली, भूक चांगली, मन रमतं, सगळ्यावर टिकमार्क. मी नर्सिंग केलेली, आईबरोबर चोवीस तास राहणारी, मला काय विचारायचंय, असा माझा तोरा. मॅडमनी परवा बोलावून तोच फॉर्म पुढे केला. म्हणाल्या, तुमच्या अख्ख्या इमारतीत एवढी एकच बाई सुखी आहे, जरा पुन्हा जाऊन विचारता का? कान लाल झाले माझे. ती माझी आई आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

काल दुपारी आईसमोर बसले, फॉर्म घेऊन, परकी बाई बसते तशी. तिने चष्मा चढवला आणि म्हणाली, "आता कशाला विचारतेस? लिहिलंयस ना तुझ्या मनाने." तिला माहीत होतं. कसं माहीत होतं, देव जाणे. म्हणजे, देव नसतो असं तू लगेच म्हणशील. कसं ते मला कळलं नाही.

मग तिने उत्तरं दिली. झोप: नाही. का नाही? अशीच. भूक: तू वाढतेस म्हणून. मन कशात रमतं? तिने चष्मा काढून पदराने पुसला. बाहेर पडावंसं वाटतं का? कुठे? मी म्हटलं, आई, खिडकीतून पिंपळ दिसतो तरी. तर म्हणाली, "दिसतो गं. पण इथे ऐकू काही येत नाही."

हे मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली. आपल्या चाळीत आई चार वाजता सूप घेऊन खाली जायची. पाराच्या एका कडेला ती, बाजूला मनूची आजी, समोर अंबिकामावशी. मेथी, तांदूळ, पावट्याच्या शेंगा. खरं तर भाजी निवडायला अर्धा तास पुरतो, पण त्या साडेसहापर्यंत बसायच्या. कोणाची सून काय म्हणाली, कोर्टात कोणाची तारीख पडली, सगळं तिथेच कळायचं. आपण वरून हाका मारायचो आणि ती हात हलवून "थांबा" म्हणायची. आता मनूची आजी विरारला मुलीकडे. अंबिकामावशी गेली, तीन वर्षं झाली, भाड्याच्या खोलीत असतानाच.

आई हल्ली फार बोलत नाही, अज्या. दिवसाला दहा-बारा वाक्यं. रविवारी तुझ्याशी फोनवर बोलते ती त्यातली निम्मी. मी हे आधी लिहायला हवं होतं.

ताई


रविवार, ६ एप्रिल

अज्या,

तुझं कार्ड आलं. "गेट उघडून का घेत नाहीस?" एवढंच. बरोबर आहे. ऑगस्टच्या मीटिंगमध्ये तू उभा राहून हेच म्हणाला होतास, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की जो इथे राहत नाही त्याने बोलू नये. खोलीवरचा तुझा हक्क तू आईसाठी आणि माझ्यासाठी सोडलास, म्हणून तू इथे राहत नाहीस. हे त्या हॉलमध्ये प्रत्येकाला ठाऊक होतं. वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मलाही कळलं होतं मी काय बोलले ते. तरी खाली बसले नाही. तू चपला घालून निघून गेलास, आणि आई तुझ्या मागे लिफ्टपर्यंत गेली.

तर काल टॉवरच्या मॅनेजरकडे गेले. अभय नाव, पोरगेलासा आहे, भला आहे. मी त्याला झापायच्या तयारीने गेले होते. आमच्या आजोबांनी लावलेल्या झाडाला तुम्ही कुलूप लावता, वगैरे, सगळं पाठ केलेलं. त्याने ऐकून घेतलं, कपाटातून करारनामा काढला आणि सतराव्या कलमावर बोट ठेवलं. "मॅडम, आम्ही तुमच्याच अटीप्रमाणे वागतोय. खाली सही तुमची आहे."

कलम तुला तोंडपाठ असेल, पण समितीवर असताना मी स्वतः लिहिलेलं ते सात वर्षांनी वाचत होते. बोधिवृक्षाचे पावित्र्य राखण्यासाठी कठडा बांधावा. बुद्धपौर्णिमेच्या वंदनेखेरीज आत कोणासही प्रवेश नसावा. तेथे बसणे, निवडणे-टिपणे, वाळवणे, खेळणे यांस मनाई असावी. तेव्हा तू म्हणाला होतास, "ताई, बुद्ध झाडाखाली बसला होता. झाडाला कुलूप लावून लांबून हात जोडत नव्हता." मी तुला म्हटलं, दोन पुस्तकं वाचलीस म्हणून शिकवू नकोस.

निवडणे-टिपणे. हे दोन शब्द मी पुन्हा वाचले. पावित्र्यासाठी कोणी असे शब्द घालत नाही. ते मी आईसाठी घातले होते.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. करार व्हायच्या आधी बिल्डरची माणसं नवी गिऱ्हाइकं घेऊन यायची, जागा दाखवायला. एके दिवशी मी ड्युटीवरून येत होते, पांढऱ्या साडीत. पाराजवळ एक बाई उभी होती, काळा चष्मा, नाकाला रुमाल. आई सुपात जवळा, ती सुकी बारीक कोळंबी, निवडत बसली होती. त्या बाईने आपल्या माणसाला विचारलं, हे लोक इथेच राहणार का? आईने मान वर केली, मला बघितलं आणि हसली. मी हसले नाही, अज्या. मी मान वळवून जिना चढले, मी तिची कोणी नाही असं दाखवून. लाज वाटली मला. जवळ्याची, सुपाची, तिच्या मांडी घालून बसण्याची. पुढच्याच आठवड्यात कलम लिहिलं आणि समितीला बाबासाहेबांचं नाव घेऊन पटवून दिलं. मी इतकं सुंदर बोलले की दोघीतिघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

आईला आठवतंय की नाही, ठाऊक नाही. विचारायची हिंमत नाही.

कलम बदलायचं तर आपल्या सोसायटीचा ठराव लागतो. जयंतीनंतरच्या रविवारी सभा आहे. मी जाणार आहे.

ताई


बुधवार, ३० एप्रिल

अज्या,

ठराव झाला. कसा झाला ते ऐक, कारण तुझ्याशिवाय हे कुणाला सांगण्यात मजा नाही.

सभेच्या आधी मी घरोघर गेले. लोक तयार होईनात. मीच त्यांच्या डोक्यात एवढं पवित्र पवित्र म्हणून भरवलं होतं की आता ते मलाच ऐकवत होते. लोक थुंकतील, पत्ते खेळतील, बोधिवृक्ष आहे तो, ताई तुम्हीच म्हणाला होता. सभेत सगळे तेच बोलायला लागले. मग मी उभी राहिले आणि जवळ्याची गोष्ट सांगितली. सगळी. मान वळवून जिना चढले ते पण. आई पहिल्या रांगेत बसली होती. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

मग सीतारामकाका उठले, तेच, गिरणीतले. म्हणाले, मग माझ्या विडीचंही लिहून घ्या, त्या पारावर बसून मी चाळीस वर्षं ओढली, पिंपळाने कधी तक्रार केली नाही. हशा झाला, हात वर झाले. नाना कदमांनी सुद्धा केला, जे माझ्या प्रत्येक ठरावाला विरोध करतात. आईने हात वर केला का ते मला दिसलं नाही.

ठराव घेऊन अभयकडे गेले. त्याने वर विचारलं आणि तीन दिवसांनी उत्तर आलं. गेट त्यांच्या बाजूला उघडतं, म्हणून अटी त्यांच्या. चार ते पाच, एक तास. आत जाताना वहीत नाव लिहायचं. आत खाद्यपदार्थ न्यायचे नाहीत. मी म्हटलं, चालेल. काहीतरी तर उघडलं.

काल पहिला दिवस होता. मी भोईवाड्याच्या बाजारातून दोन जुड्या मेथी आणली. आईने दुपारीच केस विंचरले, इस्त्रीची साडी नेसली, सूप पुसून घेतलं. तीनदा घड्याळ बघितलं. चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही गेटवर. वॉचमन सातारचा आहे, त्यालाच लाज वाटत होती. म्हणाला, आजी, सूप तेवढं बाहेर ठेवा, मेथी खाद्यपदार्थात येते.

मी भांडणार होते. आईने माझा दंड धरला. तिने गेटमधून आत बघितलं. नवा बाक, त्याभोवती पांढरे दगड, झाडून स्वच्छ. बाकावर कोणी नव्हतं. सीतारामकाकांना आता फार चालवत नाही. बाकीच्या बायका कामावर. "आत कोण आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, आज कोणी नाही, हळूहळू येतील. तिने सूप काखेत धरलं आणि मागे वळली.

माझा सिद्धांत तिथेच मोडला. विल्माबाईंचं झाड मी बघितलं, पण त्या ओट्याजवळ थांबणारी कोळीण, शाळेच्या बाई, पानं झाडणारी मुलगी, हे सगळे माझ्या वहीत कुठेच नाहीत. तू मांडवकर लिहिला होतास, मी नुसता गुलमोहोर उतरून घेतला.

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच. आई म्हणाली, "मला अजितकडे सोड. तो नाही म्हणाला ना, तरी सोड. मी दाराबाहेर बसेन."

आता हे नीट वाच. तू नाही म्हणाला नव्हतास. तुला कोणी विचारलंच नव्हतं. दिवाळीनंतर आईने पहिल्यांदा विचारलं, अजितकडे जाऊ का काही दिवस? मी म्हटलं, विचारते. दोन दिवसांनी सांगितलं की विचारलं, तो म्हणतो जागा नाही. पुढे ती आणखी तीनदा म्हणाली आणि मी तीनदा तेच सांगितलं. नाताळाला प्रिसिलाचा फोन आला, आईला आठ दिवस पाठवा म्हणून. तिला मी म्हटलं, आईला प्रवास झेपत नाही, तिला इथेच आवडतं. भोईवाडा ते वडाळा, प्रवास. प्रिसिला बिचारी हो म्हणाली.

आणि तुम्ही दोघं प्रत्येक रविवारी फोनवर बांगड्याचा भाव आणि कोणाचं लग्न एवढंच बोलत राहिलात. तिला वाटतं तुला ती नको. तुला वाटतं तिला तू नको. ती लाजेने विचारत नाही, तू मानाने म्हणत नाहीस. मी मध्ये बसून ऐकत होते.

का केलं? हरेन असं वाटलं. तू हक्क सोडलास, तू खरं बोललास, वर आई पण तुझ्याकडे आली, तर माझ्याकडे चौदाव्या मजल्याशिवाय काय राहतं? एवढं सोपं आहे ते. माफी मागायला मला जमत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे. पण मागतेय. तुझी आणि तिची.

तिला अजून सांगितलेलं नाही. तुझं उत्तर आलं की सांगेन.

ताई


मंगळवार, १३ मे

अज्या,

तुझ्या कार्डावर दोन ओळी होत्या. "आईला रविवारी आण. तुझं मग बघू." दुसऱ्या ओळीबद्दल मी तक्रार करत नाही.

शनिवारी आईला सगळं सांगितलं. ती भांडी आवरत होती. ऐकून घेतलं, ताट फडताळात ठेवलं आणि म्हणाली, मला वाटलंच होतं, अजित असं बोलणार नाही. मग माझी बॅग कुठे आहे विचारलं. रागावली असती तर बरं झालं असतं. मला पौर्णिमेच्या आधी पोचायचंय, एवढंच म्हणाली.

रविवारी टॅक्सीतून उतरलो तेव्हा तू दारात होतास. तू माझ्याकडे बघितलं नाहीस, बॅग घेतलीस आणि आत गेलास. मी समजले. प्रिसिलाने चहा ठेवला. आई आत आलीच नाही. दारातल्या पायरीवर बसली आणि प्रिसिलाला म्हणाली, काही निवडायचं असेल तर दे गं. प्रिसिलाने गवार दिली. तेवढ्यात ती शेजारीण आली, मांडवकरांची बायको, हिरव्या गाऊनवर ओढणी टाकून. कोण ओ तुम्ही, असं तिने विचारलं. आणि आई बोलायला लागली.

तू आत होतास, तू ऐकलं नाहीस. मी पायरीच्या मागे उभी होते. आपण कुठले, बाबा कुठल्या खात्यात होते, पाराजवळ कोण कोण बसायचं, तुझं लग्न चर्चमध्ये की विहारात यावरून काय झालं, सगळं. एकामागून एक, न थांबता. आठ महिन्यांत मी तिची इतकी वाक्यं एकत्र ऐकली नव्हती. मध्येच तिला हसू आलं. मी मनात म्हणत होते, कोण ही बाई?

मग शेजारणीने माझ्याकडे मान करून विचारलं, ही कोण? आई म्हणाली, "ही माझी मोठी. दवाखान्यात आहे. लोकांना झोपेचं विचारत फिरते आणि हिला स्वतःला डोळ्याला डोळा लागत नाही. वर्ष होत आलं. उठते, पाणी पिते, खिडकीत उभी राहते. चौदावा मजला आहे बाई. मी जागी राहायची. म्हटलं, ही परत येऊन पडली की मग आपण डोळा मिटू."

हे बोलताना तिने शेंग मोडली आणि दोरा काढून बाजूला टाकला.

मी चहा न घेता का निघाले, ते प्रिसिलाला सांग. उद्धटपणा नव्हता. तिथे उभं राहवेना.

कालची वंदना झाली. गेट उघडलं होतं, माणसं आली होती, मीही हात जोडून आले. घरी आल्यावर दार लावलं आणि मग जाणवलं की आज पाण्याला उठले तर कोणी जागं नसेल. मी मॅडमना सुट्टी मागितलीय. आमच्या केंद्रात मनाच्या आजारांचे डॉक्टर गुरुवारी येतात, त्यांच्याकडे मी आजवर शेकडो लोक पाठवलेत. या गुरुवारी केसपेपर माझ्या नावाने काढायचाय. एकटीने त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसवत नाही. आत जाताना ओळखीचं कोणी भेटलं तर काय सांगू, एवढीच भीती आहे, दुसरी नाही.

तू माझ्याबरोबर येशील का? दहा वाजता नंबर लागतो. बोलायला नको काही. नुसता शेजारी बसलास तरी चालेल.

दीपा